बेटाची सोमसूत्री प्रदक्षिणा

मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट मुंबईकरास शाळेत शिकवावी लागते आणि परीक्षा संपताच तो ती विसरून जातो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात नावे आमच्या पिढीतील मुले पाढ्यांच्या चालीवर म्हणत असत. परंतु यांपैकी परळ हे खरोखरीच बेट आहे याचा प्रत्यय मनुष्यास यावयाचा तो पावसाळ्यात, हिंदमाताच्या चौकात मांडीइतक्या पाण्यात उभे राहून, आणि त्या समयी भूगोलाचे चिंतन करण्याजोगी त्याच्या चित्ताची अवस्था नसते. एरवी बेटाचे जे प्रधान लक्षण, म्हणजे चहूकडे पाणी, ते आम्हांस दिसत नाही. दिसते ती भिंत.

माझे बिऱ्हाड कॉटन ग्रीनला, स्टेशनच्या पश्चिम अंगास आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिल्यास पूर्वेचा समुद्र आमच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर निघतो. परंतु त्या हाकेस वाटेत हार्बर लाइनचे रूळ, त्यापुढे अहोरात्र उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगा, त्यापुढे कापसाची जुनी गोदामे, त्यापुढे बंदराचा रस्ता, त्या रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा फ्रीवे, मग भिंत, भिंतीत फाटक, आणि फाटकात 'किधर?' एवढाच प्रश्न विचारण्यासाठी नेमलेला पहारेकरी, इतके सर्व भेटते. 'समुद्र पाहावयाचा आहे' हे उत्तर त्याच्या वहीतील कोणत्याही रकान्यात बसत नाही. मासळी, लोखंड, कोळसा, वंगण किंवा मोडीत निघालेले जहाज यांपैकी कशाशी तरी आपला संबंध दाखविता आला तर आत प्रवेश मिळतो. निव्वळ सौंदर्यदृष्टी घेऊन आलेला इसम तेथे संशयित ठरतो.

याला इतिहासाचा आधार आहे. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि मुंबईच्या दर्याची वाटणी कायम झाली, ती अशी की पश्चिमेचा दर्या हवा खाणाऱ्यांकडे गेला आणि पूर्वेचा माल उतरविणाऱ्यांकडे. आमच्याकडील धक्के लाकडाच्या, कोळशाच्या आणि गवताच्या नावाने ओळखले जातात. कवीने उतरावे असा धक्का कोणी बांधलाच नाही. ज्या मालावरून आमच्या वस्तीस नाव मिळाले तो कापूसदेखील मूळचा येथला नव्हे. आरंभी तो किल्ल्यात, सेंट थॉमसच्या देवळासमोरील मैदानावर पडून असे. १८४४ साली त्याची रवानगी कुलाब्यास झाली. अमेरिकेतील यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या सालांत, त्याने मुंबईस लक्षाधीश दिले आणि लढाई थांबताच त्यांपैकी पुष्कळांस नादार करून टाकले. आणि पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, समुद्रात भर घालून केलेल्या शिवडीकडील जमिनीवर त्याला एकदाचे कायमचे ठाणे मिळाले. सारांश, कापसाच्या गासड्यांनी या बेटास अर्धा वळसा घातलेला आहे. कॉटन ग्रीनच्या मनुष्याने तेवढाही घातलेला नव्हता. तो सकाळी व्हीटीकडे जातो, संध्याकाळी परत येतो, आणि दोन्ही वेळा त्याचे तोंड समोरच्या माणसाच्या खांद्याकडे असते.

हा क्रम बिघडविला तो माझ्या भाच्याने. हा भाचा टोरंटोस असतो आणि दोन-तीन वर्षांनी एकदा, हिवाळ्यात, आजोळ पाहावयास येतो. या खेपेस त्याने आपल्या दूरध्वनियंत्रावर आम्हांस केप ब्रेटन नावाच्या एका बेटाची चित्रे दाखविली. हे बेट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यास असून अतिशय खडकाळ आहे. त्याच्या उत्तर भागास समुद्राच्या कडेकडेने वळसा घालणारा कॅबट ट्रेल नावाचा सुमारे २९८ किलोमीटरांचा रस्ता आहे, आणि मोटार घेऊन त्या रस्त्याने जाणे हाच तेथे येणाऱ्या पाहुण्यांचा उद्योग आहे. रस्त्यास ज्याचे नाव दिले तो जॉन कॅबट १४९७ साली अटलांटिक ओलांडून त्या बाजूस पोचला खरा, परंतु त्याचा पाय नेमका कोठे लागला याविषयी विद्वानांत अद्यापि मतभेद आहेत. रस्त्यास नाव देण्यासाठी एवढा पुरावा आपल्याकडेही पुरेसा मानतात. विशेष हे की, त्या रस्त्यावर जेथे जेथे देखावा उत्तम तेथे तेथे सरकारने रस्ता जरा रुंद करून मोटारी उभ्या करण्याची सोय केली आहे, कठडा घातला आहे आणि समोर काय दिसते आहे ते सांगणारा फलकही लावला आहे. चित्रांत एका वळणावर एक लाकडी बाक होता, त्याच्यापुढे अथांग निळा समुद्र होता, आणि बाकावर कोणीही नव्हते.

"एवढा मोठा बाक आणि रिकामा!" आमच्या कुटुंबाने उद्गार काढला. समुद्राविषयी तिने मत दिले नाही.

"मामा, तुम्हीही बेटावरच राहता की," भाचा म्हणाला. "कधी गोल फेरी मारली आहे?"

ही कल्पना आमच्या मजल्यावरील मास्तरांस फारच पसंत पडली. मास्तर निवृत्त असून त्यांना इतिहासाचा नाद आहे. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाल्यापासून या शहरात सांगण्याजोगे फारसे काही घडलेले नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. फेरीची दिशा त्यांनीच मुक्रर केली. बेट उजव्या हातास ठेवून जावयाचे. कारण प्रदक्षिणेत आराध्य वस्तू नेहमी उजवीकडे असावी लागते, आणि आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालत असल्यामुळे समुद्र आपोआप खिडकीलगत येतो. धर्मशास्त्र आणि वाहतूक खाते यांची इतकी एकवाक्यता मला आजवर दुसऱ्या कोणत्याही विषयात आढळलेली नाही.

टॅक्सी ठरविण्याच्या वेळी मात्र थोडी पंचाईत झाली. ड्रायव्हर जौनपूरकडील, वयस्क आणि विचारी होता. "कहाँ जाना है?" या त्याच्या प्रश्नास मास्तरांनी "यहीं" असे उत्तर दिले. आम्ही गोल फिरून याच ठिकाणी परत येणार आहोत, हे समजावून सांगितल्यावर त्याने क्षणभर आमच्या चाळीकडे, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तो जाना काहे को?" कॅबट ट्रेलवरील समस्त पर्यटकांस कोणी हा प्रश्न विचारल्याचे माझ्या भाच्यास स्मरत नव्हते.

पहिला मुक्काम दारूखान्यास करावा असा बेत होता. रे रोडच्या पूर्वेस जुनी जहाजे तोडण्याचे काम चालते; एखाद्या प्रचंड जहाजाचे निम्मे अंग कापून नेलेले आणि उरलेल्या निम्म्याच्या केबिनी उघड्या पडलेल्या, हा देखावा केप ब्रेटनमध्ये काही केल्या मिळावयाचा नाही. परंतु आम्ही लोखंड घेण्यास आलो नसल्याचे फाटकावर उघड झाले आणि सबब आम्हांस पुढे जावे लागले. त्यापुढे माझगावची गोदी लागते. तेथे युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात, तेव्हा तिची भिंत सर्वांत उंच असावी हे योग्यच होय. भिंतीवरून एका क्रेनचे टोक दिसले, ते भाच्याने टिपून घेतले.

भाऊच्या धक्क्यास मात्र कोणी अडविले नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ या पाठारे प्रभू गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला. तो मूळचा कुलाब्याच्या तोफगाडीच्या कारखान्यातील कारकून, असे मास्तर म्हणाले, आणि कारकुनाने समुद्र हटविल्याचे हे उदाहरण सांगताना त्यांनी माझ्याकडे, म्हणजे तीस वर्षे कारकुनी करून साधा पंखाही न हटविलेल्या मनुष्याकडे, जरा अर्थपूर्ण नजरेने पाहिले. येथून मोऱ्यास आणि रेवसास लाँची सुटतात, मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट जाते, आणि समोर खराखुरा, विनाभिंतीचा, हलणारा समुद्र असतो. असे असून धक्क्यावरील हजार-पाचशे माणसांपैकी एकही जण त्याच्याकडे पाहत नव्हता. सर्वांचे डोळे पाट्यांमधील मासळीवर खिळलेले होते. लिलाव चालू होता. पाटी जमिनीवर आदळायची, बर्फाचे तुकडे उडायचे, कोळीण कमरेवर हात ठेवून भाव पुकारायची, आणि गिऱ्हाईक निम्म्या भावाचा आकडा अशा काही दुःखी चेहऱ्याने उच्चारायचे की त्याच्या घरी नुकतेच काही अमंगल घडले असावे. भाच्याने क्षितिजाची चित्रे घेतली. आमचे कुटुंब दिसेनासे झाले, आणि परत आले तेव्हा तिच्या हातात सुक्या बोंबलांची आणि सुकटीची एक भरगच्च पिशवी होती.

"ये गाड़ी में नहीं जाएगा," ड्रायव्हर म्हणाला.

"डिकीत ठेवते, भाऊ. बांधून ठेवते. वास येणार नाही," असे तिने त्यास आश्वासन दिले, आणि त्या आश्वासनाचा फोलपणा पुढील सबंध प्रवासात आम्हांस क्षणोक्षणी जाणवत राहिला.

जवळच व्हिक्टोरिया गोदी. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथे 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा अशा तीन वस्तू एकत्र भरल्या होत्या. अशा मिश्रणाचे पुढे काय होते हे सांगण्यास रसायनशास्त्राचा पदवीधर लागत नाही. शेकडो माणसे दगावली, गोदी जळाली, आग विझविताना अग्निशमन दलातील कित्येक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळतात. सोन्याची एक वीट उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि त्या सद्गृहस्थाने ती सरकारजमा केली. ही हकीकत मास्तर नेहमी गहिवरून सांगतात. आमच्या कुटुंबाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "आणि छप्पर कोणी दुरुस्त करून दिले?" भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या व्यक्तीस इतिहासाकडून हा एवढाच खुलासा हवा असतो, तो मास्तरांच्या कोणत्याही ग्रंथात नाही.

गेटवेविषयी फार लिहीत नाही. पंचम जॉर्ज १९११ साली आला तेव्हा कमान उभी नव्हती, पुठ्ठ्याच्या नमुन्यावर काम भागवावे लागले. ती पुरी झाली १९२४ साली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालून बोटीत बसली. स्वागतासाठी बांधलेली कमान निरोपाच्या वेळी मात्र बिनचूक तयार होती. तेथे मोटार उभी करण्यास मनाई आहे, म्हणून आम्ही ती चालत्या गाडीतून, तीही डाव्या खिडकीत बसलेल्यांनीच पाहिली.

कुलाब्याच्या दक्षिण टोकास आमच्या प्रदक्षिणेवर खरा धर्मसंकटाचा प्रसंग आला. बेटाचे हे टोक लष्कराच्या ताब्यात आहे. नेव्ही नगराच्या अलीकडे शिपायाने अत्यंत अदबीने हात वर केला, आणि बेटास पूर्ण वळसा घालणे नागरिकास शक्य नाही हे स्पष्ट झाले. भाचा खट्टू झाला. परंतु मास्तरांची मुद्रा उजळली. ते म्हणाले, "अरे, शंकराच्या देवळात काय करतोस? सोमसूत्र ओलांडतोस का? तेथपर्यंत जाऊन मागे फिरतोसच ना? तशी ही समज." या निवाड्याने सर्वांचे समाधान झाले. शाळीग्राम आणि शाळुंका यांचा परिचय नसलेल्या भाच्यास 'सोमसूत्र म्हणजे देवळातील पाणी जाण्याची वाट' हे समजावून सांगता सांगता नरिमन पॉइंट आला.

ही जागा ज्यांच्या नावाने आहे त्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरणीतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला आणि तो जिंकला. पुढे त्याच किनाऱ्यावर आणखी भर पडून जी जमीन निघाली तिला कृतज्ञ नगरीने त्यांचेच नाव दिले. समुद्र हटविण्याच्या कारभारावर टीका करणाऱ्यास याहून परिणामकारक उत्तर कोणत्याही सरकारास सुचलेले नसेल.

मरीन ड्राइव्हवर, समोर अर्धचंद्राकार उपसागर, त्यावर उतरते ऊन, कठड्यावर पाठमोरी बसलेली अगणित युगुले, असा सर्व सरंजाम पाहून भाच्याने "थांबा, थांबा!" असा आक्रोश केला, आणि त्याच क्षणी वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकली. ड्रायव्हर न थांबता म्हणाला, "साहब, यहाँ सिर्फ़ देखने का।" या वाक्यावर मी पुढे बराच वेळ मनन केले, आणि मुंबई बेटाच्या किनाऱ्याचा कायदा त्यात संपूर्ण सामावलेला आहे असे मला आढळून आले. या बेटावर जेथे थांबता येते तेथे समुद्र दिसत नाही, आणि जेथे समुद्र दिसतो तेथे थांबता येत नाही. पूर्वेस भिंतीलगत वाटेल तितके दिवस ट्रक उभा करा, कोणी हटकणार नाही. पश्चिमेस क्षितिजावर दृष्टी स्थिर होते न होते तोच दंडाची पावती येते. कुटुंबाने या कायद्याचा स्वीकार करून चालत्या मोटारीतच थालीपिठाचा डबा उघडला.

गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यास खिडकीतून नमस्कार केला. यापुढे वाळकेश्वरास जाऊन बाणगंगेच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकावे, समुद्राच्या इतक्या जवळ गोडे पाणी कसे राहते या चमत्काराची भाच्यास प्रत्यक्ष साक्ष पटवावी, असा मास्तरांचा मनोदय होता आणि प्रभू रामचंद्रांनी बाण मारल्याची कथा त्यांनी अर्धी सांगूनही झाली होती. इतक्यात उजेड नाहीसा झाला. ड्रायव्हरने आमच्या हिताचा विचार करून २०२४ साली खुल्या झालेल्या किनारी रस्त्याच्या बोगद्यात मोटार घातली होती. हा बोगदा दोन किलोमीटरांहून किंचित अधिक लांबीचा आहे आणि तो मलबार हिलच्या पोटातून जातो. तात्पर्य, ज्या टेकडीवर राहण्यासाठी लोक कोट्यवधी रुपये मोजतात, तीच टेकडी न पाहता पलीकडे जाण्यासाठीही महानगरपालिकेने अपार द्रव्य खर्च केले आहे. "दस मिनट बचाया," ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. या दहा मिनिटांचे काय करावे हे आम्हां चौघांपैकी कोणासच ठाऊक नव्हते. मास्तर अंधारात वर पाहून हात जोडते झाले आणि उरलेली कथा त्यांनी रागाने सांगितलीच नाही. आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत, म्हणजे पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, आणखी एक बोगदा खणणे चालू आहे. तो पुरा झाला की दोन्ही समुद्र टाळण्याची परिपूर्ण सोय होईल.

बोगद्यातून बाहेर पडताच मात्र डोळे दिपले. मोटार खुद्द समुद्रातून चालली होती. महालक्ष्मीचे देऊळ, जे आजवर आम्ही पेढ्यांच्या आणि कमळांच्या दुकानांतून वाट काढीत समोरून पाहिले, ते पाठीमागून दिसले. हाजी अलीचा दर्गा, जेथे ओहोटी पाहून जावे लागते, तो भर भरतीत जवळून गेला. देवीची कथा मुंबईकरांस माहीत आहेच: अठराव्या शतकात हॉर्नबीसाहेब वरळीच्या खाडीस बांध घालू लागला, बांध वारंवार ढासळे, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू इंजिनियरास देवीने दृष्टांत दिला, खाडीतून मूर्ती काढल्या, आणि काम तडीस गेले. कंपनीची मंजुरी न घेताच साहेबाने बांध घातला आणि मनाईचा हुकूम पोचला तेव्हा काम झालेले होते, अशीही आख्यायिका आहे. खरे-खोटे देवी जाणे. परंतु आधी बांधकाम आणि मागाहून परवानगी हा जो शिरस्ता या शहरात आजही श्रद्धेने पाळला जातो, त्यास इतके पुरातन मूळ असल्याचे ऐकून समाधान वाटते.

वरळी, दादर, माहीम या भागांत आमच्या वाट्यास समुद्र आला तो इमारतींच्या फटींतून, गल्लीगणिक एक चिंचोळा निळा तुकडा असा. माहीमच्या खाडीपाशी बेट संपते. हे कसे ओळखावे असे भाच्याने विचारले असता ड्रायव्हरने पलीकडे बोट दाखविले: तेथे रिक्षा उभ्या होत्या. रिक्षास बेटाच्या हद्दीत येण्याची परवानगी नाही, आणि म्हणून भूगोलाच्या पुस्तकांनी जी सीमा केव्हाच सोडून दिली ती वाहतूक खात्याने प्राणपणाने राखून ठेवली आहे. तेथील पूल १८४५ साली वाहतुकीस खुला झाला. लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले आणि कोणाकडूनही जकात घेऊ नये अशी अट घातली. ही अट ऐकून ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा हात क्षणभर कपाळास लावला. मास्तरांच्या दिवसभराच्या इतिहासकथनातील हीच एक गोष्ट त्याच्या अंतःकरणास भिडली.

धारावी आणि शीव या उत्तर बाजूस बेटाचा किनारा म्हणजे मिठी नदी. येथे सर्वांनी नाकास रुमाल लावले, आणि सुकटीच्या पिशवीविरुद्ध सकाळपासून चाललेली तक्रार आपोआप निकालात निघाली.

वडाळ्याहून आम्ही फ्रीवेवर चढलो, आणि ज्याच्यासाठी इतका खटाटोप केला तो देखावा शेवटी, आमच्याच वस्तीच्या माथ्यावर, मिळाला. डावीकडे मिठागरे, तिवरांची हिरवी झालर, पलीकडे माहुलची धुराडी. शिवडीच्या चिखलातून उगवून क्षितिजापर्यंत गेलेला अटल सेतू. आणि ओहोटीच्या पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ, ते रोहित पक्षी. सेतूवर जाण्याचा मोह भाच्यास झाला, परंतु बेट सोडले तर प्रदक्षिणा भंगते, आणि शिवाय २५० रुपये टोल पडतो. त्या पुलावर थांबण्यास सक्त मनाई आहे. उद्घाटनानंतर, जानेवारी २०२४मध्ये, लोकांनी कठड्याशी मोटारी उभ्या करून इतकी छायाचित्रे काढली की पोलिसांस पावत्या फाडीत हिंडावे लागले. पुलाच्या काही भागास आडोसे लावलेले आहेत: कोठे पक्ष्यांस आपला आवाज लागू नये म्हणून, कोठे अणुकेंद्र आपल्या दृष्टीस पडू नये म्हणून. पाखरांच्या कानांची इतकी काळजी वाहणाऱ्या सरकारास माणसांच्या डोळ्यांची आठवण केव्हा होते ते पाहावयाचे.

फ्रीवेवरही थांबता येत नाही हे सांगावयास नकोच. कुटुंब एकाएकी ओरडले, "अहो, आपली गच्ची! माझे पापड!" खरोखरच खाली, उजव्या हातास, आमच्या चाळीची गच्ची, तीवर खाट, खाटेवर धोतर, धोतरावर पापड आणि पापडांवर एक कावळा, असे सर्व स्वच्छ दिसत होते. तिने खिडकीतून कावळ्यास हाकलण्याचाही प्रयत्न केला. मी ड्रायव्हरला गाडी खाली घे म्हणालो. तो म्हणाला, उतरण्याची वाट थेट ऑरेंज गेटला. म्हणून आम्ही आपल्या घरावरून गेलो, रे रोडवरून गेलो, सकाळच्या क्रेनच्या टोकास वरून भेटलो, पी. डि'मेलो रस्त्याला उतरलो आणि ट्रकांच्या रांगेतून, भिंतीच्या कडेने, मुंगीच्या पावलांनी परत कॉटन ग्रीनला आलो. प्रदक्षिणेपेक्षा हा शेवटचा तुकडा अधिक लांबला. "यहीं आना था न?" असे विचारून ड्रायव्हरने मीटर बंद केला. पापड अर्धे उरले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, भरतीचे कोष्टक पाहून, मी व भाचा पायीच शिवडीच्या धक्क्याकडे गेलो. पाणी चढू लागले म्हणजे पक्षी चिखलावरून काठाकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन तास त्यासाठी उत्तम. पूर्वीइतके येत नाहीत असे तेथील लोक म्हणतात. तरी हजार-दोन हजार असावेत. मोडक्या बार्जच्या आडून, एका पायावर, मान उलटी करून, ते शेवाळ गाळून खात होते. त्या शेवाळातील रंगानेच त्यांची पिसे गुलाबी होतात. कच्छच्या रणातून वगैरे एवढा पल्ला मारून ते कॉटन ग्रीनच्या शेजारी मुक्कामास येतात, आणि बंदराच्या गेटावर त्यांस कोणी 'किधर?' विचारीत नाही. अख्ख्या बेटावर थांबणे आणि पाहणे ही दोन्ही कामे एकाच जागी करता आली ती येथे. मात्र बसावयास काही नसल्याने आम्ही एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर टेकलो, आणि ते दोरखंड कोणाचे तरी होते असे लवकरच निष्पन्न झाले.

म्हणून संबंधित खात्यास आमची नम्र दरखास्त आहे. भिंत पाडावी असे आमचे म्हणणे नाही. तिची वहिवाट जुनी आहे आणि तिच्या आधाराने पुष्कळांचे संसार उभे आहेत. रस्ता रुंद करू नये, सुशोभीकरण तर मुळीच करू नये, आणि समोर काय दिसते ते सांगणारा फलकही नको, ते काम मास्तर विनावेतन करतात. फक्त त्या धक्क्यावर, पूर्वेकडे तोंड करून, तिघांस बसता येईल असा एक लाकडी बाक टाकून देण्याची तजवीज व्हावी. बाकाच्या पाठीवर कोणाच्या सौजन्याने तो दिला हे ठळक अक्षरांत रंगविण्याचा शिरस्ता आहे. त्यास आमची काडीमात्र हरकत नाही. पाठ टेकली म्हणजे ते दिसत नाही.